घोंगडीसकट वजन

वर्षाच्या भागीच्या अंगावर पुरळ उठले होते आणि डोळे चिकटून बंद झाले होते. तिची आई ठकूबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आक्का, तू तर म्हणालतीस, सुई टोचली की गोवर येत न्हाय."

मी तसंच म्हटलं होतं. चार महिन्यांपूर्वी सिस्टर लस द्यायला धनगरवाड्यावर चढून आल्या, तेव्हा ठकूबाई पोर पुढं करेना. मीच तिला भरवसा दिला.

मी अंगणवाडीची मदतनीस. चौथी शिकलेली. आमचा धनगरवाडा गगनबावड्याच्या वरच्या अंगाला, पंधराएक घरांचा. पोरांना सुकडी वाटायची आणि महिन्याला वजन करायचं, हे माझं काम. आढ्याला काटा टांगायचा, खालच्या झोळीत पोर बसवायचं आणि आकडा वाचायचा. आमच्या सेविका शालनताई खालच्या गावात राहायच्या. पावसाळ्यात ओढा चढला की त्यांना वर येता यायचं नाही. मग मी आकडे चिठ्ठीवर लिहून न्यायची आणि त्या कार्डावर चढवायच्या. ज्या पोराचं वजन फारच कमी, त्याला दुप्पट सुकडी मिळायची.

त्या पावसाळ्यात ठकूबाई भागीला घोंगडीत गुंडाळून आणायची. अंगावरचं सगळं काढून मग झोळीत बसवायचं, असा नियम. मी तसं सांगितलं.

"पोर गारठंल," ती म्हणाली.

तिचा आवाज मोठा. मी एकदा म्हटलं आणि गप्प बसले. ओल्या घोंगडीसकट भागी साडेसहा किलो भरली. पोरीचे हात काटकीसारखे होते. घरच्या म्हशीचं दूध विकायला जायचं आणि तिच्या वाट्याला चहा यायचा. हे सगळं मला दिसत होतं. तरी चिठ्ठीवर साडेसहाच लिहिलं, म्हणून तिला दुप्पट सुकडी मिळाली नाही. पुढच्या महिन्यांतही तसंच चाललं.

गोवर आला तेव्हा आम्ही भागीला खाली सरकारी दवाखान्यात नेलं. शालनताई कार्ड घेऊन आल्या. डॉक्टरांनी भागीचे कपडे काढून वजन केलं. पाच किलो. ते शालनताईंकडं वळले.

"आजारात थोडं उतरतं. दीड किलो कुठं गेलं? घरात बसून आकडे भरता काय?"

शालनताईंनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

"चुकलं, साहेब," त्या म्हणाल्या.

दुपारी डॉक्टर एकटे दिसले, तेव्हा मी विचारलं, लस देऊनही गोवर कसा आला? ते खुर्चीत टेकले. "मावशी, लस अंगाला रोगाची ओळख करून देते. मग अंग आपली राखण उभी करतं. पण तेही पोटात काही असलं तर. उपाशी पोराची राखण कच्ची राहू शकते. कधी कधी धडधाकट पोराचीही राहते. हिचं नेमकं काय झालं, ते सांगता यायचं नाही. पण उपाशी पोराला गोवर जड जातो, हे नक्की. लस द्यायचीच, आणि खायलाही घालायचं."

सांगता यायचं नाही, हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला आजही वाटते.

भागी जगली. डाव्या डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्यानं दिसायचं गेलं.

शालनताईंना खरं सांगायला मला आठ दिवस लागले. "मला तिथंच कळलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. ठकूबाईला सांगायला दीड वर्ष लागलं. ती म्हशीला वैरण टाकत होती. मी घोंगडीचं सांगितलं, दुप्पट सुकडीचंही सांगितलं. तिनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"मी नगं म्हटलं, व्हय. मला काय ठावं तुझ्या काट्यातलं? तुला ठावं हुतं की. मग गप का बसलीस?"

तिचा आवाज मोठा होता म्हणून. हे तिला कसं सांगणार? मी तशीच घरी आले.

पुढच्या वजनाला ती धाकट्याला घेऊन आली. दारातच त्याची घोंगडी काढून खुंटीला अडकवली. पोरगं थंडीनं रडायला लागलं. भागी शेजारी उभी राहून एका डोळ्यानं काट्याकडं बघत होती. मी आकडा वाचला.

"परत बघ," ठकूबाई म्हणाली.

मी परत बघितला.

पोर रडलं तर रडू द्यावं, आई ओरडली तर ओरडू द्यावं, पण वजन उघड्या अंगानंच करावं. काम एवढंच होतं. आता मी प्रत्येक आकडा दोनदा वाचते, आणि मोठ्यानं.