गाडीला अर्थ नाही

माझी लेक पुढं पळायची आणि मी मागून मोटारसायकलवर तिला उजेड दाखवायचो. रोज पहाटे पाचला. येरमाळ्याहून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावच्या पाण्याच्या टाकीपासून शेतातल्या मोटारींच्या डीपीपर्यंत रस्ता सरळ आहे आणि तो बरोबर आठशे मीटर भरतो. मी गाडीच्या मीटरवर तीनदा मोजलाय.

तिचं पोलीस भरतीचं मैदान जवळ आलं होतं. मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. तिच्या ट्रेनिंगचे सर म्हणाले होते, "तीन मिनिटांच्या आत आलीस तर मार्कांचा विषय. न्हाय तर नुसती हजेरी." ती तीन मिनिटं बारा सेकंदांवर अडकली होती. सकाळी सातच्या एसटीनं ती कळंबच्या अभ्यासिकेत जायची. संध्याकाळी परत यावं तर पळायच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. म्हणजे पळायला पहाटच उरली, आणि थंडीच्या दिवसांत पहाटे पाचला आमच्याकडं डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही.

माझी गाडी चौदा वर्षांची. तिचा मूळचा दिवा इंजिनाच्या जोरावर चालायचा. इंजिन जोरात तर उजेड जोरात, इंजिन हळू तर उजेड हळू. आता पळणाऱ्या माणसाच्या मागं जायचं म्हणजे पहिला गिअर आणि नुसती गुरगुर. उजेड कसला, देवघरातलं निरांजन बरं. म्हणून मी एलईडी मागवला.

मी हायस्कूलला मराठी शिकवतो. 'या ओळीचा अर्थ सांगा' म्हणून दिवसभर पोरांना छळणं हा माझा धंदा. स्वभाव तापट आहे, आणि हे मीच सांगून टाकतो, म्हणजे बायकोला तसदी नको. तर एलईडी मी घरीच बसवला. व्हिडिओतल्या पोरानं नऊ मिनिटांत बसवला होता. मला अख्खा रविवार लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे चालू केला आणि तो लुकलुकायला लागला. लुक लुक लुक. लेक पळता पळता मागं बघून ओरडली, "पप्पा, वरातीत पळल्यासारखं वाटायलंय!"

येरमाळ्याला हायवेच्या कडेला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक चाचा आहेत. साठी उलटलेली, चष्मा कपाळावर, बोलणं कमी. त्यांनी गाडी चालू केली, दिव्याकडं बघितलं आणि सांगितलं, "इंजिनाचा करंट याला चालत न्हाय मास्तर. तो सारखा मागंपुढं होतो. बॅटरीवर घ्यावा लागंल. गाडी ठेवून जावा, उद्या देतो."

"उद्या कशाला?" मी म्हणालो. "बॅटरीवर घ्यायचा ना? मीच घेतो की."

चाचांनी चष्मा डोळ्यावर घेतला. "मास्तर, म्या कधी तुमच्या वर्गात येऊन कविता शिकवली का?"

झालं. एवढ्यावर माझं टाळकं फिरलं. मी गाडीला किक मारली आणि निघालो. वाटेत स्वतःशीच भांडत आलो. घरी पोचेपर्यंत मी ते भांडण जिंकलोही होतो.

आणि केलं हो मी काम! बॅटरीवरून वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, रिले बसवला. दिव्याची काळी वायर दिव्याच्या मागच्या जुन्या बोल्टाखाली दाबून टाकली, जशी आधीच्या दिव्याची होती तशी. असा उजेड पडला म्हणता की डीपीवरची धोक्याची कवटी टाकीपासून दिसली. लेकीनं पहिल्याच पहाटे तीन नऊ मारले. मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना चहा पाजला आणि विद्युतशास्त्रावर व्याख्यान दिलं. विज्ञानाचे सर गप्प बसून ऐकत होते. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा लई मजा आली.

तिसऱ्या दिवशी गाडीच्या अंगात आलं. हॉर्न दाबला की दिवा मंद व्हायचा. उजवा इंडिकेटर लावला की त्याच्याबरोबर मोठा दिवापण डोळे मिचकावायचा. हँडल डावीकडं वळवलं की दिवा गायब, सरळ केलं की हजर. ब्रेक दाबला तर मीटरमधला हिरवा बाण उगाच पेटायचा. कुठला काय संबंध! बायको अंगणात झाडू मारत हे बघत होती. म्हणाली, "बाहेरचं लागलं का काय गाडीला? मीठ-मोहऱ्या उतरवू का?" आणि झाडू टाकून हसत बसली.

पण त्याच्या दुसऱ्या दिवशी हसायचं कारण राहिलं नाही. लेक जोरात पळत होती, शेवटचे दोनशे मीटर राहिले असतील, मी खड्डा चुकवायला हँडल वळवलं आणि दिवा गेला. ठार अंधार. पुढं धप्प आवाज आला. मी गाडी तशीच सोडून धावलो. पोरगी रस्त्यावर बसलेली, गुडघा सोललेला, तळहातात खडी रुतलेली. "काय न्हाय झालं पप्पा," म्हणाली आणि हातातला एकेक खडा काढायला लागली. पाय मोडला असता तर? माझ्या हौसेपायी तिची दोन वर्षांची मेहनत मातीत गेली असती, आणि मी कुठल्या तोंडानं घरी गेलो असतो?

बायकोनं गुडघ्याला हळद लावली आणि माझ्याकडं न बघता निकाल दिला. "परवाच्या पहाटंपर्यंत लाईट नीट झाली तर पळायचं. न्हाय झाली तर पळणं बंद. हातपाय मोडून घेऊन कोण घेणाराय पोलिसात?"

"आई, मैदानाला बाराच दिवस राहिलेत!" लेक म्हणाली.

"मोजता येतंय मला."

बायकोपुढं आमच्या घरात अपील नसतं. लेक माझ्याकडं बघायला लागली. ते बघणं मला सोसेना.

त्या दिवशी मी रजा टाकली. फ्यूज बदलला. रिले बदलला. स्विच उघडला, त्यातली स्प्रिंग उडून कडब्याच्या गंजीत गेली, ती शोधण्यात तास गेला. बॅटरी चार्ज केली. एलईडी बनवणाऱ्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुपारी चारला गाडी होती तिथंच होती, हॉर्न दाबला की दिवा मंद. शेवटी मी मान खाली घातली आणि येरमाळ्याला गेलो.

चाचांनी मला ओळखलं, पण टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं. त्यांनी एक छोटा बल्ब काढला, दोन वायरी जोडलेला. एक टोक बॅटरीला, दुसरं इथं लाव, तिथं लाव. मी वाकून बघतोय. पाचेक मिनिटांत ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, "मास्तर, अर्थ न्हाय तुमच्या गाडीला."

मी भडकलो. "अर्थ न्हाय म्हणजे? चाचा, चौदा वर्षं ही गाडी मला पोसतीय. घराचं बांधकाम, पोरीची शाळा, आईचा दवाखाना, सगळं हिच्यावर झालंय! गाडी जुनी असंल, पण अर्थ न्हाय असं कसं म्हणता तुम्ही?"

चाचा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते खाली स्टुलावर बसले आणि पोट धरून हसले. शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. "या अल्ला," चाचा डोळे पुसत म्हणाले, "अर्थ हो मास्तर, अर्थ! अर्थिंग! करंट येतोय बराबर. पण नुसता येऊन काय करंल? त्याला परत जायला वाट पायजे का नको? ती वाट बंद हाय. मग बिचारा हॉर्नमधून जातो, इंडिकेटरमधून जातो, जिथून मिळंल तिथून घुसतो."

वीस वर्षं मी अर्थ शिकवतोय, आणि हा एक अर्थ मला ठाऊक नव्हता. मग मलापण हसू फुटलं. पंक्चरवाला काही न कळता आमच्यात सामील झाला.

चाचांनी दिव्याच्या मागचा तो जुना बोल्ट खोलला आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढं धरला. बोल्ट दिसतच नव्हता. वर हिरवट थर, खाली लालभडक पुटं, मध्ये काहीतरी चिकट, काळं. "हे काय हाय?" त्यांनी विचारलं. मी बोट लावलं, वास घेतला आणि मला कळलं. कुंकू होतं ते. दर दसऱ्याला मी गाडी धुतो, दिव्याला हळदकुंकू लावतो, हार घालतो, आणि नारळ फोडून त्याचं पाणी दिव्यावरून ओततो. शिंपडत नाही, ओततो. भक्तीच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नाही हे माझं तत्त्व. चौदा दसरे ते पाणी दिव्यामागं झिरपत राहिलं आणि बोल्ट खात राहिलं. आणि आता कष्टानं ओढलेली नवीन वायर मी नेमकी त्याच बोल्टाखाली दाबली होती.

"देवाला पाजलं आन् गाडीनं पिलं," चाचा म्हणाले. "पूजा करा मास्तर, जरूर करा. पण नारळ चाकापाशी फोडा."

त्यांनी बोल्ट फेकून दिला, जागा पॉलिश पेपरनं घासून चांदीसारखी लख्ख केली, आणि तेवढ्यावर न थांबता दिव्याची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेली. अर्ध्या तासाचं काम. मी हॉर्न दाबला, दिवा ढिम्म हलला नाही. इंडिकेटर लावला, ब्रेक दाबला, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. दिवा जागच्या जागी, पांढराशुभ्र. मला इतका आनंद झाला की मी चाचांचे ग्रीस लागलेले दोन्ही हात धरले. "त्या दिवशीचं मनावर घेऊ नका," मी म्हणालो. त्यांनी विचारलं, "पोरीचं मैदान कधी हाय?" म्हणजे पार येरमाळ्यापर्यंत माहीत होतं.

ठरल्या पहाटे लेकीनं बूट बांधले आणि मी गाडी काढली, तर बायको शाल गुंडाळून मागच्या सीटवर येऊन बसली. "म्या स्वतः बघणार," म्हणाली. टाकीपाशी तिनं माझ्या मोबाइलवर घड्याळ लावलं आणि "पळ!" म्हणून अशी ओरडली की अख्ख्या गावाची कुत्री उठली. लेक सुटली. रस्ता लख्ख, खडा न् खडा दिसत होता. बायको मागून एका हातानं माझ्या खांद्याला बुक्क्या मारत होती आणि "उचल पाय, उचल गं माझी वाघीण!" म्हणून आरोळ्या देत होती. डीपीपाशी तिनं घड्याळ बघितलं. तीन मिनिटं चार सेकंद. "गुडघा दुखतोय का?" तिनं विचारलं. "न्हाय," लेक म्हणाली. "मग उद्या अजून जोरात." त्या दिवसापासून आमच्या घरात ट्रेनिंगचे सर बदलले.

उरलेल्या दिवसांत एकदाच तीन मिनिटं आली. अगदी बरोबर तीन. आत काही आली नाही.

मैदानाच्या दिवशी धाराशिवला आम्ही भिंतीच्या बाहेर उभे होतो. आईबापांना आत सोडत नाहीत. आतून शिट्ट्या ऐकू यायच्या, पण कुठली शिट्टी आमच्या लेकीची, कसं कळणार? बायको प्रत्येक शिट्टीला मोबाइलवर घड्याळ लावायची, ओठ पुटपुटत उभी राहायची आणि तीन मिनिटं झाली की बंद करायची. पुढची शिट्टी, पुन्हा चालू. असं किती वेळा केलं, देव जाणे. मी तिला थांब म्हणालो नाही, कारण मीपण तिच्या खांद्यावरून त्या आकड्यांकडंच बघत होतो.

साडेनऊच्या सुमारास लेक फाटकातून बाहेर आली. छातीवरचा नंबर हातात, चेहऱ्यावर काहीच नाही. बायकोला विचारायचा धीर होईना. मी विचारलं, "किती?"

"दोन त्रेपन्न."

बायकोनं तिच्या पाठीत असा धपाटा घातला की फाटकावरचा शिपाई पुढं आला, आणि मग तिला छातीशी धरून मोठ्यानं रडायला लागली. मीही रडलो. पोलिसांच्या देखत, भर रस्त्यावर रडलो, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही. अजून लेखी बाकी होती, यादी बाकी होती. असू दे बाकी.

लेक आईच्या मिठीतून मान काढून माझ्याकडं बघत होती. "पप्पा," ती म्हणाली, "पळताना मला सारखं वाटत होतं, मागं गाडीचा आवाज का येईना. मग ध्यानात आलं, आज तुम्ही मागं न्हाईत." मग पहिल्यांदा हसली. "तरी झालं."