आमच्या राबाचा ठिपका

उपग्रहाचं ते चित्र बघायची खोड मला वणव्यानं लावली. एका उन्हाळ्यात डोंगरावरची आग उतरत उतरत आमच्या गोठ्यापर्यंत आली होती. आई गेल्यापासून म्हसा गावाच्या पलीकडे आमच्या वाडीत बा एकटा, आणि मी कल्याणला नोकरीला. मग कोणीतरी दाखवलं, फोनवर पृथ्वी दिसते, आताची, आणि जिथे आग तिथे लाल ठिपका पडतो. झालं! फाल्गुन लागला की माझं बोट त्या पडद्यावरून निघेना. भाजी फोडणीला टाकली की बघ, रिक्षात बसलं की बघ. आणि 'आताची' म्हणतात नुसतं. चित्र यायला कधी कधी दुपार उलटते, तोवर जीव टांगणीला.

पुढच्या वर्षी बाला चकरा यायला लागल्या. मी बजावलं, यंदा शेती बंद, राब भाजायचा नाही. राब म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत अंथरून पेटवून द्यायचं. वारा फिरला तर तरण्याताठ्यांचीही धांदल उडते. बा म्हणाला, "नाय करत गो बाय. सांगितलं ना." इतक्या गोडीत म्हणाला, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

एप्रिलात एकदा जेवणाच्या सुट्टीत ठिपका दिसला. थेट आमच्या घराला लागून. फोन केला, उचलेना. पुन्हा केला, तेच. डबा तसाच टाकून मी एसटी धरली, आणि तो मेला ड्रायव्हर वरातीत चालवावी तशी गाडी चालवत होता. वाटेत सारखं ते चित्र उघडलं. ठिपका काही जागचा हलेना.

पोचले तर बा बांधावर उभा, तोंड काजळलेलं, हातात ओला टहाळा. समोर राब विझत आलेला. फोन घरात, उशीखाली!

मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. "मेला असतास तर?" इथपर्यंत गेले आणि रडूच कोसळलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पन तुला कसं गो कललं?"

मी रागातच फोन पुढे धरला. तो डोळे बारीक करून बघत बसला. आधी ओढा सापडला, मग रस्त्याचं वळण. डोंगराखाली आणखीही ठिपके होते. एकेकावर बोट ठेवून तो सांगायला लागला, हा वरच्या आळीचा, हा ओढ्याकाठचा. मध्येच बोट थांबलं. "आनि इथं नाय?" तिथल्या घराला कुलूप होतं, माणसं कधीच आसनगावला राहायला गेलेली.

"म्हंजे मी पेटवला नसता," तो म्हणाला, "तर आपलं बी असंच."

जेवलास का, मी एवढंच विचारलं.

यंदा त्याला ओटीवरून उतरवत नाही. मीच रजा काढून गेले. काडी ओढली तर ओटीवरून हुकूम, "वाऱ्याच्या उलट्या अंगानं लाव! अगो, त्या टोकाला!" डोळ्यांत धूर, पण राब नीट जळला. बा माझा फोन घेऊन ठिपक्याची वाट बघत बसला. ताट वाढलं, हात लावेना. "वेळ लागतो रे बा, जेव आधी," म्हटलं, तर ऐकून न ऐकल्यासारखं. दुपार झाली तरी काही नाही. आता माझाच धीर सुटला. एवढासा आमचा राब, वरून दिसतोय कशाला? नाहीच दिसला तर ह्याला सांगू काय?

ऊन कलल्यावर ओटीवरून हाक आली. पडला की काय म्हणून धावले. बा पडद्यावर बोट दाबून बसला होता, उचलायला तयार नाही.

"आला गो बाय! आमी हाव अजून."