आबांनी न ऐकलेला सल्ला

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर सांडाल! शेतकी खात्यातली माझी पहिली फजिती सांगतोय.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी जळगावचा, कापूस-केळीतला माणूस. नेमणूक कुठे? पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगरातल्या भातशेतीत! भात मी तोवर ताटातच पाहिला होता. पण खिशाला पेन होतं, म्हणजे साहेबच की!

आबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने एक तुकडा दिला. त्यात मी सरकारी बियाणं लावलं, सढळ हाताने युरिया टाकला. काय हिरवंगार पीक! शेजारी आबांचं घरच्या बियाण्याचं भात. त्याच्या पानापानावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके.

"करपा!" मी ओरडलो. "आबा, सगळं उपटा नि जाळा! माझ्या प्लॉटला लागेल."

आबांनी एक पान तोडून माझ्यापुढे धरलं. "साहेब, डोंगरले वणवा लागना का आम्ही पुढला गवतना पट्टा जाळी टाकतस ना? तसंच शे हाई. रोप जरासं पान सोताच जाळस, नि रोगले तठेच आडवस."

"पुस्तकात असं काही नाही!" मी म्हणालो. पुस्तक कापसाचं होतं, ते सोडा.

"बरं साहेब," आबा म्हणाले. घरातल्या सहा तोंडांचं वर्षाचं अन्न आणि पुढचं बियाणं त्याच शेतात होतं. मला त्याचं काय!

मग आठ-दहा दिवस ढगाळ हवा पडली आणि माझा प्लॉट करप्याने जळून गेला. आबांनी एकही रोप उपटलं नव्हतं. त्यांचं पीक ओंब्यांनी वाकलेलं! नेमके तेव्हाच धुळ्याचे मोठे साहेब तपासणीला आले. माझी नोकरी अजून कच्ची.

"वा आबा! हे कोणाच्या सल्ल्याने?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या साहेबसले इचारीसनच बठ्ठं करं." म्हणे, सगळं मला विचारूनच केलं!

अहो, ज्याचा घास मी उपटायला निघालो होतो, तोच माझी भाकरी वाचवत होता! आजही भाताचा पहिला घास घेताना मी मनातल्या मनात आबांना हात जोडतो. त्या दिवशी मी मोठ्या साहेबांपुढे तिथेच सगळं कबूल करून टाकलं.

साहेब हसले. "आबांचं खरं आहे. बुरशी शिरली की हे रोप पानाची तेवढीच जागा मारून टाकतं, मग तिला पुढे सरकता येत नाही. आणि युरियाने लुसलुशीत झालेल्या पिकावर करपा ताव मारतो."

"मग साहेब, माझं काय?"

"राहा इथेच. सल्ले देणं चालू ठेवा." मग आबांकडे वळून त्यांनी हात जोडले. "आबा, तुम्हीही ते न ऐकणं चालू ठेवा!"