दगडावरची गुलबास

१२ ऑक्टोबर, इस्तंबूल. सकाळी राजवाडा पाहिला, दुपारी मोठी मशीद, मग चढावरचा बाजार. पाय भरून आलेत. माझी बायको सुनंदा उन्हाळ्यात गेली, म्हणून केजच्या शाळासोबत्यांनी मला आग्रहाने सोबत आणलं.

मशिदीमागे जुन्या कबरी होत्या. गाइड म्हणाला, पागोटं कोरलेला दगड पुरुषाचा आणि फुलं कोरलेला बाईचा. सगळे पुढे गेले, मी तिथेच थांबलो.

शाळासोबत्यांतला बाळू मला शोधत मागे आला. "चल बे आप्पा, कबरी काय बघतो? बस थांबती व्हय आपल्यासाठी?"

"आमच्यात पुरतात ना," मी म्हणालो.

आम्ही लिंगायत. सुनंदाची समाधी आमच्या शेतात आहे. दगडावर काय कोरायचं, असं मुलगा विचारतो आणि मी उद्यावर ढकलतो. नाव नि तारीख कोरली की सगळं संपलं, असं वाटतं.

हे बाळूला सांगितलं, तेव्हा तो दगडावरची फुलं बघू लागला. मग म्हणाला, "वहिनीच्या दारात गुलबास लई हाय की. तीच कोर."

मला हे सुचलंच नव्हतं.

आता हॉटेलवरून मुलाला फोन करून सांगितलं. गुलबासला पाणी घातलं का, तेही विचारलं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला आपल्या भागात दगडावर फुलं कोरणारा कारागीर माहीत आहे का? असेल तर कळवा.

बाकीचे जेवायला गेलेत. मी मोजे धुतले आणि खुर्चीवर वाळत घातले.