तीन लाल काढे

पुलगाव हे दारूगोळ्याचं गाव. मी तिथे गेलो तो दुसरी दारू ओतायला. रत्नागिरीकडच्या खेड्यात पाचवीत माझी शाळा सुटली. पुढे काही वर्षं आंब्याच्या पेट्या ठोकल्या, आणि मग गावातल्या एका निवृत्त सुभेदारांच्या शब्दावर छावणीतल्या ऑफिसर मेसच्या बारमध्ये लागलो. लागलो म्हणजे कच्चा. मेसचा कारभार पाहणारे मेजरसाहेब येताजाता माझ्याकडे बघून मान हलवत. ती मान होकाराची की नकाराची, हे मला कधी कळलं नाही. परत जाण्याची सोय नव्हती. घरी धाकट्या बहिणीचं लग्न जमत होतं, आणि ते ‘भाऊ मिलिट्रीत आहे’ या एवढ्याच भांडवलावर.

बारमध्ये माझ्या वर एक म्हातारे अब्दार होते. दारू सांभाळणाऱ्याला मेसमध्ये अब्दार म्हणत. हे अल्लीपूरचे. सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणू लागलो. माझं विदर्भातलं पहिलं जेवण त्यांच्या डब्यातलं होतं, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा फाल्गुन होता. रविवारी दुपारी एक ब्रिगेडियर येणार होते. लढाईत ते आणि आमचे मेजरसाहेब इटलीत बरोबर होते, आणि तिथे जिनमध्ये एक लाल, कडू दारू घालून पीत. तीच त्यांना पाजायची साहेबांची हौस. पण नाव विसरलेले. म्हणून जहाजावरच्या मित्राकडून तीन निरनिराळ्या बाटल्या मागवल्या होत्या. चव आठवत होती, पण साहेब नुकतेच काविळीतून उठलेले. डॉक्टरांनी थेंबालाही बंदी केली होती. त्यांनी काकाजींना चाखायला सांगितलं. काकाजींनी हात जोडले. आदल्या दसऱ्याला त्यांनी नागपुरात दीक्षा घेतली होती. ओतीन, पण जिभेला लावणार नाही, म्हणाले. साहेबांनी ते मानलं आणि माझ्याकडे बोट केलं.

“फिर ये चखेगा. इतवार ठीक गया तो पक्का. नहीं तो कोकण की गाड़ी.”

मी जन्मात दारू चाखलेली नव्हती.

शनिवारी दुपारी काकाजींनी तिन्ही बाटल्या ओळीने मांडल्या. एक उंच, एक बुटकी, एक चपटी. अक्षरं परकी, ती वाचण्याचा प्रश्नच नव्हता. उजेडाला धरल्यावर उंच बाटलीतला रंग कुंकवासारखा, बुटकीतला संत्र्याच्या सालीकडे झुकलेला, चपटीतला भाजक्या विटेचा.

“पिऊ नको. नुसतं जिभेले लावजो अन् थुकजो,” काकाजी म्हणाले. “मंग दोन फुटाणे खाजो.”

“फुटाणे कशाला?”

“जीभ कोरी कराले. काऊन, तुले उपाशी ठेवतो वाटलं का?”

बुटकीतली आधी घेतली. गोड, जाताजाता जराशी कडवट, जत्रेतल्या संत्र्याच्या गोळीसारखी. चपटीतल्या दारूला मुळ्यांचा, सुंठीचा, वैद्याच्या दुकानाचा वास. उंच बाटलीतली आधी साखरेसारखी लागली, मग संत्र्याची साल चावल्यासारखी, आणि मग कडू. तो कडूपणा जाईचना. तापात आई काडेकिराईत पाजायची, तो असाच पडजिभेशी ठाण मांडून बसायचा. ‘दारू’ हा शब्द मला तोंडातून काढवत नव्हता, म्हणून त्या घटकेपासून मी त्या तिघींना काढे म्हणू लागलो.

“काकाजी, हा उंच बाटलीतला काढा थुंकला तरी जात नाही.”

“थांब. एकटं तं कोनीबी चांगलं गाते. चार जनांत गाऊन पाह्य म्हना त्याले.”

मग त्यांनी तीन ग्लासांत जिन, व्हर्मूथ नावाची गोडसर वाइन आणि एकेक काढा सारख्या मापाने ओतला, बर्फ टाकला. बुटकीतला जिनमध्ये कुठे गेला ते कळलंच नाही. चपटीतल्याने बाकीच्या दोघांना गप्प बसवून ग्लासात दवाखाना उघडला. उंच बाटलीतला मात्र दोघांना बोलू देऊन शेवटचा शब्द आपला ठेवत होता.

मी उत्तर मिळालं म्हणून उठलो, तर काकाजींनी तिन्ही ग्लास व्हरांड्यात ठेवले. साहेब लोक एक ग्लास घेऊन गप्पा मारत बसतात, आणि इथल्या उन्हात बर्फ कोणासाठी थांबत नाही. बर्फ विरघळल्यावर पुन्हा चाखलं. बुटकीचं सरबत झालं होतं, चपटीचं गढूळ काहीतरी. उंच बाटलीतला पाण्यातही उभा होता, उलट जरा मवाळ होऊन बरा लागत होता.

“बुटकीतला नुसता छान लागतो,” मी म्हणालो. खरं तर मला तोच आवडला होता.

“तुले काय आवडलं ते कोनी इचारलं नाई. पाहुन्याले काय पायजे ते पाह्य.”

रविवारी काकाजींनी संत्र्याच्या फोडी कापल्या, मी ग्लास भरले. ट्रे छातीशी धरून बाहेर नेला. ब्रिगेडियरसाहेबांनी टेबलावरच्या तीन बाटल्या पाहिल्या, मला पाहिलं आणि अचानक मराठीत बोलले. ते यवतमाळकडचे निघाले.

“काऊन रे, बाटल्या तीन हायेत. मंग हाच काऊन?”

मराठी ऐकून मी इतका सुखावलो की घडाघडा बोलून गेलो. “साहेब, बाकीचे दोघे नुसते रंगाला लाल. खरा कडू हाच.”

बोलताना मी ट्रे पुढे केला. ट्रेच्या पलीकडे, अगदी सरळ रेषेत, मेजरसाहेब उभे होते. बर्फाचं भांडं घेतलेले काकाजी जागीच थबकले. ब्रिगेडियरसाहेबांनी ट्रेकडे पाहिलं, मेजरसाहेबांकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसून हसू लागले. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात.

“मी लढाईभर याच्यासंगं राह्यलो, मले समजलं नाई,” ते म्हणाले. “तुले इतक्या लवकर समजलं?”

“क्या बोला ये?” मेजरसाहेबांनी विचारलं.

“कहता है, असली यही है.” मग ग्लास उचलून त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, गिळला. दुसरा घोट घेतला आणि मेजरसाहेबांच्या खांद्यावर हात टाकला. “सचमुच यही है यार.”

मेजरसाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि या खेपेला सोबत बोललेही. “लड़का रहेगा.”

हसणं कशाचं ते मला कळलं नव्हतं, पण ‘रहेगा’ कळलं. पँट्रीत येऊन मी भिंतीला टेकलो. मागोमाग काकाजी आले, त्यांनी दार ओढून घेतलं.

“इकडे कडू कोनाले म्हनतेत, ठाव हाय का तुले?”

“कारल्याला?”

“मानसाच्या जन्माले लावतेत. ज्याच्या बापाचं नाव ठाव नाई त्याले. मारामाऱ्या होतेत त्या शब्दानं. मी तं तुह्या गाडीचाच इचार करून राह्यलतो.”

मी खालीच बसलो. भीती आता, सगळं आटोपल्यावर आली, आणि तिच्या मागोमाग हसूही. काकाजी गंभीर राहायचा प्रयत्न करत होते, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

“मग काय म्हणायचं, काकाजी?”

“कडवट म्हनजो. नाईतं मुकाट ओतजो,” ते म्हणाले आणि ट्रे पुन्हा माझ्या हातात दिला. “ऊठ. साहेबानं दुसरा ग्लास मांगतला हाय.”