पाइपाला कान लावणारे मोरूकाका

मोरूकाका मला शेवटचे दिसले ते आमच्या मागच्या अंगणात. विहिरीवरच्या मोटरीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलेलं आणि त्याच्या मुठीला कान लावलेला. मी चहा घेऊन गेले तर हातानंच थांबवलं. "थांब वं सुनबाई. काहीतरी बोलून राहिली हे." काय बोलली ते सांगितलं नाही, चहा मात्र बशीत ओतून प्यायले. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला... सकाळी खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. याला आता महिना होईल. मोटर अजून चालते आहे, आणि ती त्या दिवशी काय बोलली असेल ही चुटपूट मला लागून राहिली आहे.

काका आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. सारी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमची गल्लीच प्रयोगशाळा म्हणून ताब्यात घेतली. कोणाचा पंखा कुरकुरला, कोणाचं दही लागलं नाही, की काका हजर. "हे असं काहून झालं असंल?" हा प्रश्न ते असा मिटक्या मारत विचारायचे, जणू पुढ्यात आमरसाची वाटी आली आहे.

आमच्याकडे मात्र मामला गंभीर होता. माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. चालणं सुधारलं, उजवा हात खांद्याच्या वर जाईना. बादलीतून तांब्या उचलून अंगावर घेणं जमेना, म्हणून आंघोळ मी घालायची. आम्ही दोघी सत्तावीस वर्षं मनसोक्त भांडत आलेल्या बायका. पण न्हाणीत शिरलं की दोघींची वाचा बसायची. मी भिंतीकडे बघायची, त्या डोळे मिटून घ्यायच्या. बाहेर आल्यावर रोज एकच वाक्य, "मले माझ्या हातानं न्हाऊ दे वं." शॉवरखाली खुर्ची ठेवली की प्रश्न सुटणार होता. पण आमचा शॉवर डोळ्यात औषध घातल्यासारखा थेंब थेंब गळायचा.

मग घरातल्या हुशार सुनेनं, म्हणजे मी, दुप्पट ताकदीची मोटर आणून विहिरीवर बसवली. तिनं पराक्रम केला! गच्चीवरची टाकी बघता बघता भरून वाहिली, शेजाऱ्यांचे पापड भिजले, आणि मे महिन्यातली आमची गरीब विहीर गाळापर्यंत उपसली गेली. शॉवर होता तसाच गळत राहिला.

काका आले ते हसतच. "सुनबाई, मोटरीचं काम टाकीपर्यंत. तिथून खाली पाणी आपल्या वजनानं येते. तू बैल बदलला, अन् गाडी अडली दुसऱ्याच रस्त्यावर." त्यांनी नळाखाली बादली लावली. घड्याळ ते वापरत नसत. दोनपासून खड्या आवाजात पाढे सुरू केले. बादली भरेना, काका थांबेनात. एकोणिसाच्या पाढ्यात गडबडले, "एकोणीस सत्ते एकशे त्रेचाळीस..."

"तेहतीस!" आतल्या खोलीतून सासूबाई कडाडल्या. "पोराइले हेच शिकवलं काय गा, मोरेश्वर?"

"मी नळ्या धुवत होतो, वहिनी!"

आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच कोणावर तरी एवढ्या जोरात ओरडल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं, की बादलीचं भानच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी टाकीपासून न्हाणीपर्यंतचा जुना लोखंडी पाइप काकांनी कापला. आतून तो क्षारांनी असा बुजला होता, की पेन्सिलही अडकली. काकांनी तुकडा आभाळाकडे धरून एक डोळा लावला आणि हरखून गेले. "पाह्य, पाह्य! तीस वर्षं जड पाणी कसं थर लावत बसलं!" मलाही बघायला लावलं. मुगाएवढं आभाळ दिसलं. मग रुंद पाइप आला, वळणं कमी झाली, जुनी मोटर परत बसली. शॉवरची चावी त्यांनी खाली, डाव्या हाताला बसवून घेतली. कोणी सांगितलं नव्हतं.

पाचाच्या पाढ्यातच बादली भरली. सासूबाई टॉवेल घेऊन आत गेल्या आणि आतून कडी लागली. आठ महिन्यांनी. आम्ही दोघं बाहेर उभे. आधी पाण्याचा सपकारा, मग हाक आली, "मोरेश्वर, लय झालं गा! डोयात चाललं!" काका दाराकडे पाठ करून हसत होते आणि चष्मा पुसत होते.

केस मात्र पुढेही मीच धुवायची. हात तेवढा वर जात नव्हता.

काका गेले त्या दिवशी मी सासूबाईंना त्यांच्या घरी घेऊन गेले. अंत्यदर्शन घेऊन परतल्यावर आता डोक्यावरून आंघोळ करायची, म्हणून मी पदर खोचून न्हाणीकडे निघाले. त्यांनी दारातच अडवलं. "मोरेश्वराच्या नावाची आंघोळ हाय. तू नको येऊ." कडी लागली. पाणी बराच वेळ वाजत राहिलं... मी दार ठोठावलं नाही.

बाहेर आल्या तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं, आणि उजव्या कानामागे, जिथं हात पोचत नाही तिथं, साबणाचा फेस तसाच राहिला होता. माझा हात उठला. मी तो खाली घेतला.

"काय पाहून राहिली वं?"

"काही नाही, आई," मी म्हटलं. "छान न्हालात."