आतल्या टायरची हवा

माझ्या मेहुण्याने मला फसवले. टायरातल्या हवेत फसवले, आणि त्यात माझ्या ड्रायव्हरचा उजवा डोळा गेला.

नांदेडला मेहुण्याचे टायरचे दुकान आहे. मी एकेकाळी दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. आज स्वतःच्या गाड्या आहेत, त्यात कुणाची मेहरबानी नाही. सगळे टायर त्याच्याकडूनच घेईन, या बोलीवर मी त्याच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. घासाघीस करून रडकुंडीला आणला, पण घेतली. गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना, त्याने स्वतः प्रत्येक टायरला हवा मोजायचे गेज लावायचे. मागे टायर जोडीने असतात, त्यातल्या आतल्या टायरलाही.

त्या दिवशी हळद भरून गाडी सांगलीला निघाली. मेहुण्याने ड्रायव्हरला सांगितले, सगळी हवा बघितली, जा. अहमदपूरच्या पुढे गाडी एका अंगाला झुकू लागली म्हणून तो हवेच्या दुकानापाशी थांबला. आतला टायर बसला होता. सकाळी हवा बरोबर होती, म्हणजे आत्ताच कमी झाली असणार, असे धरून त्याने पाइप लावला. टायर मात्र नांदेडपासूनच मऊ होता. ओझ्याखाली चेंगरत, तापत आलेला टायर आतून मोडलेला असतो. त्यात हवा भरायची नसते, तो खोलून बघायचा असतो. ड्रायव्हर वाकलेला असतानाच टायर फुटला.

मी कामासाठी लातूरला होतो, तिथून पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेले होते. मडगार्डचा पत्रा फाटून वर वळला होता आणि फाटक्या पोत्यातली हळकुंडे रक्तात पडत होती. मी दुसऱ्या बाजूचा आतला टायर बघितला. वॉल्व्हच्या टोपीवर अवकाळी पावसाचा चिखल वाळून दगड झाला होता. त्या पावसानंतर गाडी सांगलीला एकदा जाऊन आली होती. टोपी काढल्याशिवाय गेज लागत नाही.

तसाच नांदेडला गेलो. "आतल्याला गेज लावलं व्हतंस का?" एवढेच विचारले.

तो हसला. "दाजी, बाहेरच्यावर टॉमी मारली, ठणठण वाजला. बाहेरचा वाजला की आतला आलाच की."

त्याच्या हातातली ती लोखंडी टॉमी हिसकावून मी आधी काउंटरची काच फोडली, मग त्याचे तोंड. लोकांनी धरले नसते तर थांबलो नसतो.

सासरवाडीची बैठक बसली. सासरे म्हणाले, जावयाने माफी मागावी. पडलेल्या दातांवर सगळे बोलले, डोळ्यावर कुणी नाही. उलट ड्रायव्हरचीच चूक, त्याने टायर खोलायला हवा होता, असे ठरले. मेहुणा तोंडाला फडका लावून मान डोलावत होता. मी त्याची कॉलर धरली, तेव्हा पुन्हा ओढाओढ झाली.

ड्रायव्हर मुदखेडला घरी बसून आहे. परवा मला म्हणाला, "मालक, मीच खोलायला पाहिजे व्हता." लोकांनी सांगून सांगून ते त्याच्या डोक्यात घातले आहे.

मी माफी मागणार नाही. मेहुण्याने मुदखेडला जावे, त्या माणसाच्या राहिलेल्या डोळ्यात बघून सांगावे की आतल्या टायरला मी गेज लावलेच नव्हते. दात मी बसवून देतो. डोळ्याचे काय, ते त्याने बोलावे.